कुत्र्याला मीठ घालू नये

हे मला आमच्या डॉक्टर शेख मॅडमनी लिहायला लावलंय. मी नको म्हटलं होतं. चौथीतनं शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात वही द्यायची आणि "मामा, पत्र्याची गोष्ट तुम्हीच लिहायची" म्हणायचं, ही काय रीत झाली? मॅडम रिटायर होऊन राहिल्या. त्यांच्या लोकांनी दवाखान्याच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा की. तर म्हणाल्या, "मी सांगितली तर तुम्हाला सांभाळून घेईन." हे मात्र खरं. म्हणून लिहायला बसलो. मला कुणी सांभाळून घेतलेलं चालत नाही.

लातूरला जनावरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, बाटली लावायची, आणि डॉक्टर जागेवर नसला की डॉक्टरसारखं बोलायचं. अशा ठिकाणी किस्से साठत जातात, कोपऱ्यात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या साठतात तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही, उचलून कुणी फेकतही नाही. एखाद्या दिवशी पाय लागतो आणि सगळ्या मिळून खणखणतात.

*

दवाखान्याच्या भिंतीवर मी लाल रंगानं एक ओळ लिहिली होती : "कुत्र्याला मीठ घालू नये. हुकमावरून."

हुकूम कुणाचा, हे कधी कुणी विचारलं नाही. हुकूम माझाच होता. मिठानं कुत्र्याचे केस झडतात, अंगाला खाज सुटते, हे मी नोकरीला लागलो त्या दिवशी जुन्या ड्रेसरनं मला सांगितलं, आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. आम्ही तिघांनीही ते कुठं वाचलेलं नव्हतं. लोक डॉक्टरनं लिहिलेला कागद घरी जाईपर्यंत हरवायचे, पण माझी ओळ पाठ करून जायचे.

एकदा एक बाई पाय मोडलेलं कुत्रं घेऊन आली. स्कूटर गेली होती पायावरून. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मीठ न्हाई हो घातलं. आईशप्पथ!"

*

पत्र्या मला भूकंपात मिळाला. भूकंपाच्या चौथ्या का पाचव्या दिवशी दवाखान्याची गाडी औषधं घेऊन निलंग्याकडच्या खेड्यांत गेली होती. जी जनावरं दगडाखालून जिवंत निघाली होती त्यांना टाके घालायचे. माणसांसाठी पत्र्याची शेडं उभी करणं चाललं होतं. एका शेडामागं, पत्र्याला अंग चिकटवून, वीतभर पिल्लू बसलं होतं. त्याचं घर कोणतं, माणसं कोणती, सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी उचललं आणि गाडीत घातलं. नाव ठेवायची गरजच पडली नाही.

आमच्या घरचीनं, म्हणजे सुमननं, विचारलं, "ह्याला खायला काय घालू?"

"भाकरी घाल," मी म्हटलं. "अळणी."

*

भूकंपाला दोन-अडीच वर्षं झाली तरी आमची गल्ली धड झोपत नव्हती. ट्रक गेला तरी माणसं दारात, मांजरीनं ताटली पाडली तरी दारात. पत्र्या मोठा झाला तसा तो मधेच खाणं सोडायचा, ओकायचा, थरथर कापायचा आणि मागचे पाय टाकून आडवा पडायचा. दोन-तीन दिवसांनी परत ताजा. फटाके वाजले, भांडण झालं, घरात पाहुणे भरले, की तो पडायचा. हे मला आज जुळवता येतं. तेव्हा गल्लीनं आपल्या परीनं जुळवलं, की पत्र्याला भूकंप आधी कळतो.

एका दुपारी लग्नाची वरात वाजत गेली आणि पत्र्या आडवा झाला. आमचे शेजारी पोपटराव दाढी करत होते, त्यांनी बघितलं आणि हाळी दिली. दहा मिनिटांत गल्ली रस्त्यावर. कुणी शिट्टी देणारा कुकर धरून उभं, एक म्हातारी बाजेसकट उचलून आणलेली, पोपटरावांचा अर्धा गाल फेसानं पांढरा. दिवस मावळेपर्यंत सगळे जमिनीकडं बघत बसले. जमीन हलली नाही.

मी जमिनीकडं बघत नव्हतो. माझा हात पत्र्याच्या बरगडीवर होता. भ्यालेल्या जनावराचं काळीज पळतं, हे मी हजार जनावरं धरून शिकलेलो. ह्याचं काळीज मात्र सावकाश चाललेलं, थांबत थांबत. हे उलटं आहे एवढं हाताला कळत होतं. का, हे डोक्याला कळत नव्हतं. आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गल्लीला पत्र्या बरा व्हायला नकोच होता. आजारी पत्र्या त्यांच्या कामाचा होता.

पुढच्या महिन्यात भर दुपारी खरंच धक्का बसला. मांडणीवरची भांडी वाजली. गल्ली बाहेर. पत्र्या ओसरीवर पसरून घोरत होता. लोकांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं ड्यूटीवर झोपलेल्या वॉचमनकडं बघतात.

पोपटरावांनी त्याची बाजू घेतली. "धक्का बारका होता. एवढ्याशासाठी त्यानं कामून उठावं?"

*

आमच्या जुन्या डॉक्टरांकडं एकच औषध होतं, ताकदीचं इंजेक्शन. पत्र्या पडला आणि दवाखान्यात नेला की ते टोचायचे, दोन तासांत पत्र्या उभा. मग शेख मॅडम बदलून आल्या. नांदेडच्या, वडील टेलर, बांधा एवढासा, आणि दर गोष्टीला प्रश्न. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरची माझी ओळ वाचली आणि काहीच बोलल्या नाहीत. ते मला आवडलं नाही.

पत्र्याला त्यांनी पडलेला पाहिला, छातीला नळी लावली, आणि म्हणाल्या, "इंजेक्शननं उठतो, तर त्या इंजेक्शनात जे आहे तेच याच्या अंगात कमी असणार. मामा, हे कुणी तपासलं नाही का?"

मी म्हटलं, "उठतो म्हटल्यावर तपासायचं कशाला?"

मॅडमनी त्यावर मला नांदेडला नेलं. रविवार होता. त्यांच्या माहेरच्या गल्लीत एका कापडदुकानदाराची राणी नावाची पामेरियन कुत्री होती, ती बघायची होती आणि धरायला माणूस पाहिजे होता. राणीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं, दोन्ही कुशींचे केस गेलेले, कातडी कागदासारखी. घागरीनं पाणी प्यायची आणि घरभर मुतायची. घरच्यांना वाटे गाभण आहे. आठ जणांनी पिल्लांसाठी नावं लावून ठेवली होती.

किती दिवस झाले, मॅडमनी विचारलं. पाच महिने, दुकानदार म्हणाले. कुत्रीला दोन महिने पुरतात हे मी सांगायला तोंड उघडलं, तर आतून दुकानदारांच्या आई म्हणाल्या, "मोठ्या घरची हाय. वेळ लागणारच."

मॅडमनी सगळी औषधं बाहेर आणायला लावली. खाजेच्या गोळ्या निघाल्या. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या, आणि खाज राहिली म्हणून रोज चालूच ठेवलेल्या.

"पिल्लं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पोटात या दोन वर्षांच्या गोळ्या आहेत."

पण एकदम बंद करू नका, असं त्यांनी तीनदा बजावलं. ह्या गोळीत जे असतं ते थोडं थोडं अंगही बनवतं, बाहेरून एवढं मिळत राहिलं की अंग स्वतः तयार करायचं सोडून देतं, ते झोपलेलं असतं, त्याला हळूहळू जागं करायचं. दुकानदारानं मान हलवली आणि आम्ही जिना उतरायच्या आत डबी गटारात टाकली. तिसऱ्या दिवशी राणी आडवी. मॅडमना परत नांदेड गाठावं लागलं. त्यांनी तेच औषध परत चालू केलं आणि महिनोन् महिने पायरी पायरीनं उतरवलं. राणीचं पोट गेलं, केस आले.

त्या रविवारी येताना यष्टीतच मॅडम म्हणाल्या होत्या, "मामा, राणीला जे लई झालंय, तेच पत्र्याला कमी पडतंय. आता रक्त तपासायचं."

*

लातुरात तेव्हा रक्त तपासायच्या जागा माणसांच्या. कुत्र्याचं रक्त म्हटलं की नाही म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, मी जाऊन समजावून सांगते. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. बाटली खिशात घातली, दुसऱ्या लॅबात गेलो आणि कागद भरला. नाव : माझंच, मारुती. वय : बावन्न. तक्रार : ओकारी, चक्कर, अशक्तपणा. पत्ता घरचा. नाव आणि वय सोडलं तर सगळं खरं होतं.

संध्याकाळी लॅबचा माणूस स्कूटरवर रिपोर्ट घेऊन घरी आला. सुमन गिरणीत, मी दवाखान्यात. पोपटराव पुढं झाले. त्या माणसानं त्यांना सांगितलं, की पेशंटचं पोटॅशियम इतकं वर आहे की काळीज कधीही बंद पडेल, जिथं असेल तिथून उचला आणि ॲडमिट करा. पोपटराव घाबरून एसटीडी बूथवर धावले आणि लोह्याला फोन लावला. लोह्याला माझा धाकटा भाऊ किसन असतो, त्याच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन. बंद पडेल हे दुकानापर्यंत पोचलं, दुकानापासून किसनच्या घरापर्यंत जाताना ते पडलं झालं.

मी सकाळी दारात उभा राहून दात घासत होतो. गल्लीच्या तोंडाला किसन दिसला. डोकं गुळगुळीत भादरलेलं, मागं त्याची बायको पदर तोंडाला लावून. त्यानं मला बघितलं आणि तिथंच थांबला. माझ्या तोंडात फेस.

शेवटी म्हणाला, "दादा, मग आता ह्या डोक्याचं काय करू?"

*

मॅडमनी रिपोर्ट वाचला. सोडियम खाली, पोटॅशियम वर. म्हणाल्या, "मामा, तुमचा रिपोर्ट लई वाईट आहे. पण मला पाहिजे तसाच आहे."

मग औषधाच्या खोक्यावर पेनानं दोन किडन्या काढल्या आणि दोन्हींच्या डोक्याशी एकेक शेंगदाणा. ती ग्रंथी. आपण भूकंपात घरातून बाहेर पळालो ते कशाच्या जोरावर, त्या म्हणाल्या, ह्या दाण्यांच्या. भीती वाटली की दाणे अंगात जोर सोडतात, आणि ताण निभावून नेतात. पत्र्याचे दाणे वाळलेत. त्याला भीती सगळ्यांएवढीच वाटते, पळायला जोर नाही, म्हणून आडवा पडतो.

दोन वर्षं गल्ली त्याच्याकडं बघून पळत होती, आणि पळता येत नव्हतं ते एकट्या त्यालाच.

"दाण्याचं दुसरं काम म्हणजे अंगातलं मीठ धरून ठेवणं," मॅडम पुढं म्हणाल्या. "याचं मीठ लघवीवाटे निघून जातंय. खरी गोळी हैदराबादहून मागवावी लागेल, कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर ही दुसरी गोळी रोज, आणि खाण्यात मीठ. सकाळ-संध्याकाळ, मी सांगते तेवढं, न चुकता. कराल ना, मामा? नाहीतर हा एखाद्या दिवशी पडेल तो उठणार नाही."

मी म्हटलं, "हाव."

घरी येऊन गोळी घातली. मीठ घातलं नाही. आता लपवून काय करायचंय? इतकी वर्षं भिंतीवर लिहिलेलं होतं. घरात मीठ घातलं असतं, तर दवाखान्यातली ओळ पुसावी लागली असती. मॅडम चार बुकं शिकलेल्या असतील, जनावरं मी जास्त धरलीत, असा माझा हिशेब. आणि बघा, पत्र्या सुधारला. पावसाळा गेला, दिवाळीचे फटाके गेले, एकदाही पडला नाही. मॅडम दर महिन्याला विचारायच्या, मीठ चालू आहे ना? मी म्हणायचो, चालू आहे. मनात म्हणायचो, मीठ न घालता उभा केलाय.

*

त्याच सुमारास लातुरात क्लासचं वेड शिगेला पोचलं. ज्याच्या घरात रिकामी मोरी होती त्यानं सुद्धा पलंग टाकून भाडेकरू ठेवला. गल्लीतल्या भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. भूकंपाची भीती जरा उतरली होती, तेवढ्या जागेत निकालाची येऊन बसली.

पत्र्याची गोळी चालू झाली त्याच आठवड्यात आम्ही वरची खोली बिलोलीच्या अर्चनाला दिली. बारावी सायन्स, डॉक्टर व्हायचं होतं. पोरगी हुशार पण घाबरट. क्लासची टेस्ट असली की सकाळी ओकायची. मग जिन्यात बसून मोठ्यानं पाठ करायची आणि पत्र्या तिच्या पायाशी. कोण जास्त भ्यालंय ते तोंडावरून सांगता आलं नसतं.

आल्या आल्याच एक दिवस ती किडनीचं चित्र काढत होती. मी वरती शेंगदाणे काढून दाखवले. म्हटलं, पत्र्याचे हेच वाळलेत. तिनं वही खाली ठेवली आणि मॅडमसारखे प्रश्न सुरू केले. डॉक्टर काय म्हणाल्या, गोळी कोणती, रिपोर्ट काय आला. शेवटी म्हणाली, "मग मामा, मीठ घालता ना त्याला?"

मी म्हटलं, "आमच्यात कुत्र्याला मीठ घालत न्हाईत."

ती पत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

*

बारावीच्या परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. अर्चनाचे वडील बिलोलीहून आले होते, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि घरच्या उडदाच्या पापडांचा डबा. मी दुपारी जेवायला घरी आलो, तर जिन्यात अर्चना पापड मोडून मोडून पत्र्याच्या तोंडात घालत होती. तो सवयीनं खात होता. बाजूला वाटीत खारे शेंगदाणे.

मी लई बोललो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. माझं कुत्रं मारायला लातुरात आलीस का, असं म्हटलं. खुनी म्हटलं. तिच्या बापासमोर म्हटलं. बाप सरळ माणूस, एक शब्द उलटून बोलला नाही. वर गेला, पोरीची वळकटी बांधली, पुस्तकं पोत्यात भरली. तासाभरात ऑटो दारात.

ऑटोत बसताना अर्चना एवढंच म्हणाली, "मामा, त्याला मीठ घाला."

मी म्हटलं, "मला शिकवू नको."

*

बाराव्या दिवशी पत्र्या पडला. आधी दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं. सकाळी ओकला, उठायला गेला आणि मागचे पाय फाकले. गोळी दिली ती बाहेर आली. हात ठेवला तर काळजाच्या दोन ठोक्यांमध्ये माझा एक श्वास होत होता. हिरड्या पांढऱ्या. मी त्याला खांद्यावर टाकला आणि दवाखान्यापर्यंत चालत गेलो. सायकल होती दारात, सुचली नाही. वाटेत लोक विचारत होते, धक्का बसणार आहे का? सुमन अनवाणी मागून येत होती, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

मॅडमनी टेबलावर घेतला. म्हणाल्या, "मामा, बाटली."

मी बाटली लावली. शीर तिसऱ्यांदा सापडली. मॅडमनी इंजेक्शन दिलं आणि नळी लावून बसून राहिल्या. एक बाटली गेली, दुसरी लावली. दुपार झाली. बाहेर बैल, म्हशी, शेळ्या घेऊन माणसं थांबलेली, पण आत कुणी आलं नाही. दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा पत्र्यानं डोळे फिरवले. मग जीभ ओली केली. मग मान उचलून आधी सुमनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मॅडमनी नळी कानातून काढली. "मामा, ही कशाची बाटली लावलीत?"

"सलाईनची."

"इतकी वर्षं लावताय. आत काय असतं?"

मला माहीत नव्हतं. ताकद असते असं वाटायचं. गायीला लावली, म्हशीला लावली, कुत्र्यांना तर किती लावल्या त्याला मोजदाद नाही. त्या भिंतीखालीच लावल्या.

"मिठाचं पाणी," मॅडम म्हणाल्या.

मी बाटलीकडं बघत राहिलो. थेंब पडत होते.

मॅडमनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही घरी मीठ घालतच नव्हता ना?"

सुमन बोलली. "आमच्या घरात कुत्र्याच्या भाकरीला मिठाचा कण लागलेला न्हाई."

"मग आठ महिने हा जगला कशावर?"

सुमननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पापडावर."

*

त्या दिवसापासून पत्र्याला मीठ चालू झालं, पुढं हैदराबादची गोळीही मिळाली. मीठ सुमन घालायची, माझ्या हाती दिलं नाही. भिंतीवरची ओळ मी पुसली नाही, कारण मॅडमच म्हणाल्या, बाकीच्या कुत्र्यांना तसंही जास्त मीठ नकोच. मी फक्त ओळीच्या आधी रंगानं वाढवलं : "डॉक्टरांना विचारल्याशिवाय." हुकमावरून हे दोन्हीच्या शेवटी आलं. ह्या वेळी हुकूम खरंच कुणाचा तरी होता.

परीक्षा झाली, उन्हाळा लागला. सुमन रोज एकच विचारायची, "बिलोलीला कधी जाणार?" मी म्हणायचो, बघू. एकदा तिनं माझ्या ताटात अळणी भाजी वाढली आणि समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याला पिशवीत बसवून यष्टीत चढलो. नांदेडला गाडी बदलली. कंडक्टरनं पिशवीतलं डोकं बघितलं, मी त्याला दाण्यांची सगळी हकीकत सांगितली, आणि बिलोली येईपर्यंत त्यानं आमच्याकडं परत बघितलं नाही.

अर्चनाचे वडील ओट्यावर होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. आतून अर्चना आली. निकाल लागायचा होता, पोरगी वाळली होती. मी पिशवी खाली ठेवली. पत्र्या बाहेर पडला आणि सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसला. घरच्या कुत्र्यानं असं दुसऱ्याच्या मांडीवर बसू नये.

मी विचारलं, पेपर कसे गेले?

ती म्हणाली, "पेपरांचं राहू द्या. ह्याचा रिपोर्ट सांगा."

मी सांगितला. सोडियम किती, पोटॅशियम किती, सगळं. ती बोटांनी त्याच्या बरगडीवर ठोके मोजत होती. येताना वाटभर मी तीन-चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही बाहेर येईना.

वडिलांनी शेवटी विचारलं, "मामा, एवढ्या उन्हाचं कशाला येणं केलंत?"

मी म्हटलं, "पापड न्यायला आलो."

कुणी हसलं नाही. तिची आई उठली, आत गेली आणि डबा भरून घेऊन आली.

पुढं अर्चना काही डॉक्टर झाली नाही. बिलोलीलाच शाळेत विज्ञान शिकवते. ते पेपरांमुळं झालं, का ऐन परीक्षेच्या तोंडावर खोली सोडावी लागली त्यामुळं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही. पत्र्या त्यानंतर सात वर्षं जगला. एका थंडीत, म्हातारपणानं गेला, दाण्यांनी नाही.

पापड अजून येतात. दरवर्षी उन्हाळ्यात यष्टीच्या पार्सलनं डबा येतो. मला आता बीपी आहे, डॉक्टरनं मीठ तोडलंय, म्हणजे घरात अळणी खाणारा मी एकटाच उरलो. तरी डबा मीच उघडतो. वरचे पापड काढतो, खालचे काढतो, तळाचा कागद उलटा करून बघतो. चिठ्ठी नसते.

माझ्या कुत्र्याला, माझ्या घरात, माझ्या जिन्यात, मला न विचारता आठ महिने जिवंत ठेवलं. मला एका शब्दानं सांगितलं नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून मी ही एवढी वही भरली, तेव्हा हेही लिहून ठेवतो, की ह्याबद्दल माझी माफी अजून कुणी मागायची राहिली असेल, तर ती बिलोलीच्या अर्चनानं.